घरात धान्य आहे, मग बाळ बाळसं का धरत नाही? लहान मुलांच्या कुपोषणाबद्दल सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या भागात मुलांची वजनं घेताना आया, आज्या आणि कधीकधी बाबा जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे. क्रम पुस्तकातला नाही. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, तो आधी घेतला आहे.

आमच्या घरी खायला-प्यायला काही कमी नाही. जोंधळे आहेत, तांदूळ आहे, गोठ्यात म्हैस आहे. तरी मूल वजनात का भरत नाही?

हा प्रश्न विचारताना आईचा चेहरा पडलेला असतो, कारण आपल्यावर ठपका येतोय असं तिला वाटतं. तसं नाही. घरात धान्य असणं वेगळं आणि ते बाळाच्या पोटात पुरेशा वेळा, पुरेसं दाट होऊन जाणं वेगळं. या दोन्हींच्या मधे एक माणूस लागतं. दिवसातून चार-पाच वेळा मांडी घालून बसून घास भरवणारं, ज्याला त्या वेळी दुसरं काम नाही असं माणूस. आपल्याकडे नेमकं तेच कमी पडतं.

बाळाचं पोट वजनाच्या दर किलोला साधारण 30 मिलिलिटर एवढंच असतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम 240 मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी मावते. त्या वाटीत भाताची पातळ पेज किंवा वरचं वरणाचं पाणी गेलं की पोट भरतं आणि बाळ शांतही होतं. पण अंगाला लागेल असं त्यात फारसं काही नसतं. तासाभरात ते पुन्हा रडतं, मग हातात बिस्कीट दिलं जातं. "खाऊलालंय की सारखं," असं आजी म्हणते, आणि तिचं खोटं नसतं. बाळ सारखं खातंय, पण पोषण पोटात जात नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशात शंभरात अकराच निघाली. शंभरातल्या बाकी एकोणनव्वद घरांत चूल पेटतच नाही, असं कोण म्हणेल?

बारीक मूल आणि कुपोषित मूल यात फरक कसा ओळखायचा?

डोळ्यांनी ओळखता येत नाही, मोजावं लागतं. मोजण्याचे तीन प्रकार आहेत. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर मूल खुजं राहतंय, म्हणजे कमतरता बऱ्याच महिन्यांची आहे. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल रोडावलंय, म्हणजे अलीकडे काहीतरी बिघडलंय. हाच प्रकार जिवाला जास्त धोक्याचा. वयाच्या मानाने वजन कमी, हा तिसरा प्रकार, आणि अंगणवाडीत मुख्यतः हाच नोंदवतात. त्याच पाहणीत कर्नाटकात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.4 टक्के खुजी, 19.5 टक्के रोडावलेली आणि 32.9 टक्के कमी वजनाची होती.

घरी करता येण्यासारखी एक खूण दंडाची आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर कोपर आणि खांदा यांच्या बरोबर मधे मोजायचा. 12.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर सावध व्हायचं आणि 11.5 पेक्षा कमी भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मोजायची रंगीत पट्टी आशाताईंकडे मागा.

एक गोष्ट मात्र फसवते. दोन्ही पावलांवर सूज असलेलं मूल गुबगुबीत दिसतं. दोन्ही पावलांच्या वर अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ते तीव्र कुपोषण असू शकतं, मग वजन काटा काहीही दाखवो.

आम्ही नवरा-बायको दोघंही बुटके आहोत. मूल आमच्यावर गेलं असेल, त्यात काय बिघडलं?

असेलही. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत उंची कशी वाढेल हे आईबापांच्या उंचीपेक्षा खाणं, आजारपण आणि जन्माचं वजन यांवर जास्त अवलंबून असतं. शिवाय आई बुटकी का राहिली, हेही विचारायला हवं. बऱ्याचदा तिच्याही लहानपणी हेच झालेलं असतं. आईचं खुजेपण हा मुलाच्या खुजेपणाचा एक ठळक धोका मानला जातो.

मग धोका नेमका कधी सुरू होतो?

बाळ जन्मण्याच्या आधी. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत शरीराचा आणि मेंदूचा पाया घातला जातो. या काळात राहिलेली उंची नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

आपल्याकडे या पहिल्या टप्प्यावर तीन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे लवकर लग्न. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं, आणि त्याच शरीरात बाळ वाढवायचं असतं. दुसरी म्हणजे रक्त कमी असणं. देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं आहे. तिसरी गोष्ट ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल," असं सांगून पोटुशीचं ताट मुद्दाम अर्धं केलं जातं. सांगणाऱ्या सासूला तिची काळजीच असते, पण त्यातून बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याची भीती वाढते, आणि असं बाळ पुढे कुपोषित होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आधी ठीकठाक वजन असलेल्या बाईचं गरोदरपणात साधारण 10 ते 12 किलो वजन वाढायला हवं.

बाळंतपणानंतर चाळीस दिवस फक्त भात-तूप आणि मऊ भात देणारी घरंही अजून आहेत. डाळ वातूळ, भाजी थंड, अंडं गरम. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर रोजच्यापेक्षा जास्त लागतं! शेपू, मेथी, डिंक, अळीव हे आपल्याच आज्यांनी ठरवलेलं खाणं आहे, त्याला कुणाची हरकत नाही. त्यासोबत डाळ, अंडं आणि हिरवी भाजीही ताटात येऊ दे, एवढंच म्हणणं आहे.

कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत दुपारचं पूर्ण जेवण मिळतं. रोज तिथे जाऊन बसायला अनेकींना संकोच वाटतो, विशेषतः नव्या सुनांना. घरातल्या मोठ्या बाईने पहिले चार दिवस सोबत जावं. तेवढ्यानेही संकोच मोडतो.

चीक काढून टाकावा का? पहिल्या दिवशी मध चाटवला तर चालतो का?

चीक टाकू नका. ते पिवळसर, घट्ट दूध म्हणजे बाळाची पहिली लस समजा. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीला लावायचं. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं चालतं.

मध एक वर्षापर्यंत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. रोज उगाळून दिलेल्या गुटीने दुधाची भूक मरते, आणि सहाणेवरून, बोटांवरून जंतू पोटात जातात ते वेगळंच. बाटलीचंही तसंच. दूध पुरत नाही असं वाटलं की डब्याची पावडर आणली जाते, महाग म्हणून ती पातळ केली जाते, आणि बाटली नीट उकळली जात नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. बंदी घालण्याची वेळ का आली, हे बाटलीवर वाढलेलं जुलाबाचं बाळ पाहिलं की कळतं.

सहा महिन्यांनंतर काय द्यायचं? आमच्याकडे मिळणारंच सांगा.

सहा महिने पूर्ण झाले की लगेच सुरुवात करायची. उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत लांबवणारी घरं मी पाहिली आहेत, मुहूर्त नाही किंवा मामाला सुट्टी नाही म्हणून. मामा नंतर येईल, घास आधी सुरू करा.

घट्टपणाची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तरी घास ओघळून जाता कामा नये. दोन-तीन चमच्यांनी सुरू करून आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, मधेमधे एकदोन खाऊ. वर्षाच्या पुढे पाऊण ते एक वाटी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच.

आता पदार्थ. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळायची. मोड आणलेल्या पिठाची खीर दाट असूनही गिळायला मऊ होते. मऊ भातात मुगाची किंवा तुरीची अख्खी डाळ कुस्करून घाला, वरचं पाणी नको. हुलग्याचं कढण मोठ्यांना द्या, बाळाला शिजलेले हुलगे वाटून द्या. जोंधळ्याची भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्याचं बारीक कूट आणि चिमूटभर गूळ घालून. अख्खा शेंगदाणा नको, घशात अडकतो. बेळगाव तालुक्यात रताळ्यांचे ढीग लागतात, उकडून कुस्करलेलं रताळं बाळाला हमखास आवडतं. आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल घाला, कारण एका लहान चमच्यातून 45 कॅलरी मिळतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्षाच्या पुढे 550. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की वरणाच्या पाण्याने भागत नाही हे आपोआप पटतं.

अंडं सहा महिन्यांनंतर नीट उकडून देता येतं. रोज एक म्हटलं तरी महिन्याचा खर्च दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये ज्या घरात येतात, तिथे निदान एवढा भाग बाळाच्या नावाने बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हप्ता, दुकानदाराची उधारी, घरातल्या कुणाची दारू, यांत ते पैसे पहिल्याच आठवड्यात विरघळताना मी बघते.

चहात बुडवून बिस्कीट, खारी, बटर दिलं तर काय होतं? सगळेच देतात.

भूक मरते. शिवाय चहामुळे जेवणातलं लोह अंगात नीट शोषलं जात नाही, आणि कर्नाटकातल्या तीनपैकी दोन लहान मुलांच्या अंगात रक्त आधीच कमी आहे. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांचंही हेच. मूल रडायचं थांबतं म्हणून ते स्वस्त वाटतं.

गाई-म्हशीचं दूधही वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह फार कमी असतं. वर्षाच्या पुढे द्या, पण जेवणाच्या जागी नको.

मी विड्या वळते. त्याचा बाळाशी काही संबंध असतो का?

असतो, आणि निपाणी भागात हे मोकळेपणाने बोललं जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि शेजारी दुपट्यावर बाळ, हे दृश्य निपाणीच्या गल्लीत नवं नाही. तंबाखूची धूळ श्वासातून आत जाते, ओलसर तळहातातूनही निकोटीन अंगात शिरतं. वर अनेक जणी मिश्री लावतात. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिश्री किंवा चघळायचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. मिश्री लावणारी आई दूध पाजते तेव्हा दुधातूनही निकोटीन बाळाकडे जातं.

दुसरा संबंध वेळेचा आहे, आणि माझ्या मते तो तेवढाच मोठा आहे. मजुरी हजारावर मिळते. बाळाला भरवायला अर्धा तास बसलं की तेवढ्या विड्या कमी होतात. आईला हे निवडायला लागणं हाच खरा धोका आहे. त्यात तिचा काय दोष?

काम सोडा म्हणणं सोपं आहे, मी तसं म्हणणार नाही. जिथे बाळ झोपतं आणि जिथे स्वयंपाक होतो, तिथे जर्दा ठेवू नका. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, वरचं लुगडं किंवा ओढणी बदला. गरोदरपणात तरी जर्दा चाळणं, भाजणं दुसऱ्याकडे द्या. मिश्री सोडवत नसेल तर निदान दिवस गेल्यापासून दूध तुटेपर्यंत बंद ठेवा.

ऊसतोडीच्या टोळीत आमची मुलं सहा महिने कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात. त्यांची नोंद कुठे करायची?

ज्या गावच्या शिवारात कोपी आहे, त्या गावच्या अंगणवाडीत. चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग पट्ट्यात दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं आणि मार्चपर्यंत चालतं. बाळाच्या वयाचे नेमके मोलाचे महिने फडाच्या बांधावर जातात. आई पहाटे बाहेर पडते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात राहतं. पाणी पाटाचं, शौचाला उघडं शेत. मूळ गावच्या यादीत नाव आहे पण मूल नाही, इथे मूल आहे पण नाव नाही.

पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइलवरच्या नोंदवहीत, एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवण्याची सोय आहे. आईचं आधार कार्ड आणि बाळाचं लसीचं कार्ड सोबत ठेवा. आणि हे वाचणारे जे बागायतदार आहेत त्यांना सांगते, टोळी आली की एकदा अंगणवाडी टीचरना फोन करा. तुमचे पाच मिनिटं जातील.

आम्ही खानापूरच्या जंगलातल्या गावात राहतो. पावसाळ्यात रस्ताच नसतो.

भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांत जून ते सप्टेंबर नाले भरले की रुग्णाला खांद्यावरून उचलून आणावं लागतं. त्याच महिन्यांत मागच्या वर्षीचं भात संपत आलेलं असतं, लावणीचं काम शिगेला असतं आणि जुलाब-तापही वाढतात. सगळं एकदमच येतं. म्हणून मे महिन्यातच प्रत्येक लहान मुलाचं वजन आणि दंड मोजून घ्या, लस राहिली असेल तर पुरी करा, आणि घरात ओआरएसची पाकिटं व झिंकच्या गोळ्या ठेवा. दंड 12.5 च्या खाली असेल तर अशा बाळाला आईसकट पावसाआधी रस्त्यालगतच्या गावातल्या नातेवाइकांकडे हलवता आलं तर बघा. मी हे हलक्या मनाने सुचवत नाही. पण आठ दिवस नाला उतरला नाही तर काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

दात येताना जुलाब होतातच ना? आणि सारखे होत असतील तर?

दात आणि जुलाब एकाच वयात येतात, एवढंच. त्या वयात बाळ रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. कोंबड्यांची घाण, गोठ्याचं पाणी, सगळं. पुन्हापुन्हा जुलाब झाले की आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. अशक्त बाळाला पुढचा जुलाब लवकर होतो. हे चक्र एकदा लागलं की नुसतं जास्त भरवून सुटत नाही.

जुलाबात खाणं आणि अंगावरचं दूध बंद करू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि झिंक पूर्ण 14 दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. सहा महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला 20 मिलिग्रॅम, त्याखालच्याला 10. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

जंताची गोळी वर्षाच्या पुढे, सहसा 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या मोहिमेत मिळते. अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत.

नजर लागली असेल का?

दृष्ट काढायला माझी हरकत नाही. पण त्याच दिवशी वजनही करून घ्या. दोन महिने वजन तिथेच थांबलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण क्षय, हृदयाचा जन्मजात दोष, वरचेवर होणारा न्यूमोनिया यांमुळेही बाळ रोडावतं.

पहिलं मूल वर्षाचं आहे आणि पुन्हा दिवस गेलेत. पहिल्याला धोका आहे का?

दोघांनाही आहे. पहिल्याचं दूध लवकर तुटतं, दुसऱ्याला आईच्या अंगात साठाच उरलेला नसतो. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्यात किमान दोन वर्षांचं अंतर हवं. मुलगा हवा म्हणून घाईने दुसरं, तिसरं होतं, आणि मधली मुलगी सगळ्यांत हलकी राहते. मुलीचं ताट भावाच्या ताटाएवढंच भरलेलं असावं, हे मला आजही सांगावं लागतं.

कार्ड कानडीत आहे. टीचर काय लिहितात ते आम्हाला कळत नाही.

ही अडचण खरी आहे, आणि ती विचारायला लाज वाटू देऊ नका. आई-बाळाच्या तपासणीचं जे तायी कार्ड मिळतं, त्यातली तायी म्हणजे आपली ताई नव्हे, आई. मगु म्हणजे मूल, तूक म्हणजे वजन, एत्तर म्हणजे उंची, मोट्टे म्हणजे अंडं. एवढे शब्द पुरतात. आलेखाला तर भाषाच लागत नाही. हिरव्या पट्ट्यात ठिपका असेल तर ठीक, पिवळ्यात कमी, केशरीत फार कमी. पण ठिपक्याच्या रंगापेक्षा रेघ कुठे चाललीय ते बघा. हिरव्यातली रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर तिथेच विचारायचं, "का वळली?" आपल्या टीचर बहुतेक दोन्ही भाषा बोलतात. मोबाइलवर दर महिन्याला त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

महागडं टॉनिक किंवा पावडर दिली तर वजन वाढेल का?

टॉनिकने जेवणाची जागा भरत नाही. तेवढ्याच पैशांत अंडी, शेंगदाणे आणि तूप येईल.

दंड 11.5 च्या खाली आला. आता काय होणार?

मूल हसतंखेळतं, भूक चांगली असलेलं असेल तर अंगणवाडी आणि आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली उपचार होतात. मलूल असेल, खात नसेल, पावलांवर सूज असेल, ताप किंवा धाप असेल तर 108 ला फोन करून मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. तिथे पोषण पुनर्वसन केंद्रात सुमारे दोन आठवडे ठेवतात. आईला सोबत राहता येतं, तिचं जेवण होतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. केंद्रात नेण्याआधी घरच्यांनी घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नये. फार अशक्त झालेल्या शरीराला ते झेपत नाही, जिवावर बेतू शकतं. तिथे थोडं थोडं, मोजून, रात्रीसुद्धा देतात.

बऱ्याच आया पाचव्या-सहाव्या दिवशी मूल घेऊन परत येतात. घरी दुसरं लेकरू आहे, भांगलण आहे, सासरे रागावतात. म्हणून जाण्याआधीच मोठ्या लेकराची आणि जनावरांची सोय कोण बघणार, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा. बाबांनाही एक दिवस केंद्रात बोलवा, भरवायचं कसं ते त्यांनाही शिकवतात. सोडल्यानंतर साधारण दर पंधरा दिवसांनी तपासणीला बोलवतात. पहिली तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.